आईची कुणाविरुद्ध तक्रार नाही

जबाब देणारी: काचवाली या नावाने ओळखली जाणारी, वय ३४ वर्षे, धंदा चष्म्याच्या दुकानात काचा घासणे, राहणार बेकरीच्या वरची खोली, मागचा लोखंडी जिना.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी माझ्या आईसोबत राहते. माझा थोरला भाऊ औषधांच्या कंपनीत विभागप्रमुख आहे. त्याने आज माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे की, मी या ठाण्याच्या आवारात त्याच्या तोंडात मारली. तक्रार खरी आहे. मारली. उजव्या हाताने मारली. दोन शिपाई जवळच उभे होते, त्यांनी पाहिलं आहे. माफी मागा आणि घरी जा, असं ठाण्याच्या मॅडमनी मला समजुतीने सांगितलं. मी माफी मागणार नाही. मारण्याचं कारण विचारलं आहे, ते पुढे सांगते.

माझी आई मयत आहे. माझ्या जन्माच्या वेळी बाळंतपणात ती गेली आणि नंतर परत आली. मी रडून रडून निळी पडले होते, म्हणून यावं लागलं, असं ती सांगते. बाळंतपणात गेलेल्या सगळ्याच बायका परत येत नाहीत. ज्या येतात त्यांना हडळ म्हणतात. जबाब लिहून घेणाऱ्या जमादारांनी इथे ‘कथित हडळ’ लिहू का, असं विचारलं. मी नको म्हटलं. आई हडळ आहे. तिचे पाय उलटे आहेत, म्हणजे टाचा पुढे आणि चवडे मागे. हात गुडघ्यांच्याही खाली येतात. अंग गार असतं. बाकी ती कुठल्याही आईसारखी आहे. कंबर दुखते म्हणते, औषध घेत नाही. उरलेलं फेकू देत नाही. मी उशिरा आले की दारात उभी असते आणि वाट बघत नव्हते म्हणते.

ती परत आली त्याच आठवड्यात वडील घर सोडून गेले. आई मेली आणि राहिली. वडील जिवंत होते, ते गेले. त्यांच्याबद्दल मला आणखी काही माहीत नाही.

आईने आम्हा दोघांना खालच्या बेकरीत काम करून वाढवलं. लोण्याच्या घड्या घालून लाटायचं जे पीठ असतं, ते गरम हाताने बिघडतं. आईच्या हातांनी कधी बिघडलं नाही. वरच्या ताटल्या काढायला तिला स्टूल लागत नाही. मालक तिला गारबाई म्हणतात आणि चांगलं वागवतात. फक्त पुढच्या बाजूला, गिऱ्हाइकांसमोर उभं करत नाहीत. आईने त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही.

आमच्या वस्तीत असे बरेच जण आहेत. खालच्या नाक्यावर एक चकवा टॅक्सी चालवतो. माणसांना वाट चुकवणं हा त्याचा मूळ स्वभाव, त्यामुळे ओळखीचं कुणी त्याच्या गाडीत बसत नाही. बाहेरगावचे लोक बसतात आणि शहर फार मोठं आहे म्हणतात. कुणी कुणाच्या वाटेला जात नाही. काही इमारतींच्या दारावर ‘सरळ पायांच्या कुटुंबांसाठीच’ अशी पाटी असते. त्या पाट्या वाचायला आम्ही लहानपणीच शिकलो. भाऊ माझ्याआधी शिकला.

भावाबद्दल सांगायचं तर आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. सरळ पायांची आई त्याने पाहिली होती, मी पाहिली नव्हती. हा फरक आमच्यात कायम राहिला. पावसाळ्यात दारातला चिखल बघून तो घाबरायचा. आईच्या पावलांचे ठसे बाहेर जाणारे दिसायचे आणि आई आत असायची. ती बाहेर जायची तेव्हा ठसे घरात आल्यासारखे दिसायचे आणि तो खोल्या शोधत बसायचा. पुढे हे त्याला समजलं, पण ओल्या जमिनीकडे बघायची त्याची सवय गेली नाही.

शाळेच्या एका कार्यक्रमाला आई आली होती. एका मुलाने तिच्या पायांकडे बोट दाखवून विचारलं, ‘ही कोण रे?’ भाऊ म्हणाला, ‘आमच्याकडे काम करते.’ आईने ते ऐकलं. घरी येताना तिने आम्हा दोघांची दप्तरं उचलली. रोज ती फक्त माझं उचलायची.

भाऊ हुशार निघाला, शिकला, मोठ्या नोकरीला लागला आणि आमच्याकडून दुसरीकडे राहायला गेला. लग्न ठरलं तेव्हा आई त्याच्या लहानपणीच वारली, असं त्याने मुलीकडच्यांना सांगितलं. मी गप्प राहावं म्हणून आईने मला तिच्या गळ्याची शपथ घातली. मी म्हटलं, ‘तुझ्या गळ्याला आता काय होणार आहे?’ तेव्हा ती हसली. पण शपथ मागे घेतली नाही. लग्नाला मी गेले, आई गेली नाही. जेवणातले पाव आमच्या बेकरीतून गेले होते. येताना मी त्यातलाच एक तिच्यासाठी आणला. तिने तुकडा मोडून चाखला आणि मीठ बरोबर पडलंय म्हणाली.

यंदा वहिनीला दिवस गेले. डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायचं नाही असं सांगितलं. घरात कामाला बाई टिकेना. तेव्हा भाऊ बऱ्याच वर्षांनी आमचा लोखंडी जिना चढून वर आला. बसला नाही. उभ्यानेच आईला म्हणाला, ‘येशील का मदतीला? पण तिथे मावशी म्हणून यावं लागेल.’

आई म्हणाली, ‘तू ये म्हणालास ना, झालं तर मग.’

मी म्हटलं, ‘दादा, तुला लाज वाटते का रे थोडी तरी?’

तो म्हणाला, ‘तू यात पडू नकोस. तुला काय, तू बेकरीच्या वर राहतेस.’

आईने मला गप्प केलं. तिच्याकडे एक बुटांचा जोड आहे, आमच्या मोच्याने खास करून दिलेला. बाहेरून चवडा पुढे दिसतो, आत टाच असते. त्यात चालायला फार त्रास होतो. भावाचं बोलणं पुरं व्हायच्या आत आई ते बूट घालून तयार होती.

त्याप्रमाणे आई भावाच्या घरी राहून काम करू लागली. बेकरीच्या मालकांकडून तिने रजा घेतली. आठवड्याच्या सुट्टीला ती माझ्याकडे येई आणि बूट काढून पाय पाण्यात बुडवून बसे. टाचा सोललेल्या असायच्या. पण तोंडाला खळ नसायचा. वहिनीला काय आवडतं, काय पचत नाही, पोटातलं कुठल्या बाजूने लाथ मारतं, सगळं सांगायची. वहिनीला उष्णतेने झोप लागत नसे म्हणून आई कपाळावर हात ठेवून बसायची. वहिनी एकदा तिला म्हणाली होती, ‘मावशी, तुम्ही आधी का नाही आलात?’ हे वाक्य आईने मला निदान दहा वेळा ऐकवलं. मी म्हटलं, ‘ऐकलं गं बाई.’ तरी सांगितलं.

तिला धास्तीही होती. ती म्हणायची, ‘माझ्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही. मला हातपाय गार पडल्यासारखं होत होतं, मी सांगत होते, सगळे म्हणाले तसं होतंच. हिच्या वेळी मी जवळ हवी. मला कळेल.’

यानंतरचा प्रकार मी समोर पाहिलेला नाही. वहिनीने मला फोनवर सांगितला, तो तसाच सांगते.

दिवस भरत आले म्हणून वहिनीची आई तिकडे राहायला आली. त्या बाईंची नजर बारीक आहे. एका दुपारी आई बूट काढून न्हाणीघर धूत होती. ते झाल्यावर ती स्वयंपाकघरात गेली. वहिनीच्या आईने ओले ठसे पाहिले आणि न्हाणीघरात कोण गेलंय ते बघायला त्या ठशांमागे गेल्या. आत कुणी नव्हतं. मागे वळल्या, तर पुसायचं फडकं घेऊन माझी आई उभी होती. अनवाणी.

त्या किंचाळल्या. ‘गरोदर पोरीच्या घरात हडळ! कुणी आणली ही अवदसा?’ अशा शब्दांत बोलल्या. आवाज ऐकून भाऊ आपल्या खोलीतून आला. आई त्याच्याकडे बघत होती. वहिनी पलंगावरून दारातून हे बघत होती. तिच्या म्हणण्याप्रमाणे आई काही मागत नव्हती, नुसती बघत होती, आणि तेव्हाच आपल्याला काहीतरी विचित्र वाटलं.

भाऊ म्हणाला, ‘मला काय माहीत? एजन्सीने पाठवली होती.’

आईने मान हलवली आणि म्हणाली, ‘हो, एजन्सीनेच पाठवलं.’

आईला तेव्हाच जाऊ दिलं असतं तर ती आली असती माझ्याकडे. पण वहिनीच्या आईचं म्हणणं पडलं की, दारातून घालवलेली हडळ खिडकीतून परत येते, बाळंतपणाच्या वासावर येते, कायमचा बंदोबस्त करा. भावाने दुसऱ्या दिवशी बंदोबस्तवाल्याला बोलावलं. तोवर त्याने आईला सांगितलं की, आजचा दिवस थांब, उद्या मीच तुला सोडून येतो. आई थांबली. त्या रागावलेल्या घरात तिने संध्याकाळचा स्वयंपाकसुद्धा केला. तो वहिनीशिवाय कुणी खाल्ला नाही.

बंदोबस्तवाल्याचा धंदा असा की, तो अशा लोकांना बाटलीत घालून नेतो. बाटलीत उतरवणं हे आपण सहज बोलतो, पण त्याचा तो धंदाच आहे. कुठल्याही मयताला ओढून बाटलीत घालता येत नाही. त्याच्या रक्ताच्या माणसाने, नात्याने हाक मारावी लागते. त्या हाकेला ओ देऊन तो उंबऱ्यासारखी बाटली ओलांडतो. ही अट बंदोबस्तवाल्याने भावाला सांगितली, तेव्हा भावाने सगळ्यांना आतल्या खोलीत पाठवून दार लावून घेतलं. वहिनीचा पलंग त्या भिंतीला लागून आहे.

वहिनीने फोनवर सांगितलं ते असं: ‘तुमच्या भावाने हाक मारली. “आई, जरा इकडे ये गं.” मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्या भांडी घासत होत्या. नळ बंद केला. “आले रे,” म्हणाल्या. इतक्या आनंदात मी त्यांचा आवाज कधीच ऐकला नव्हता. धावत गेल्या असाव्यात, कारण वाटेत एक खुर्ची पडली. मग काहीच नाही. थोड्या वेळाने हे आत आले आणि काम झालं म्हणाले.’

मी विचारलं, ‘वहिनी, तुम्ही उठला का नाहीत?’

ती म्हणाली, ‘मला उठायचं नव्हतं ना. डॉक्टरांनी सांगितलं होतं.’ आणि रडायला लागली.

हा फोन तिने दवाखान्यातून केला. त्याच्या आदल्या दिवशी तिला मुलगी झाली होती. ती पुढे म्हणाली की, कुणी विचारलं तर मी हे सांगेन, नाकारणार नाही. पण मी होऊन येणार नाही, माझी आई इथे आहे. म्हणून मी तिचं सांगणं इथे लिहून देत आहे.

हा फोन यायच्या आधीचं सांगायचं राहिलं. आई सुट्टीच्या दिवशी आली नाही म्हणून मी भावाला फोन केला होता. तो म्हणाला, ‘मावशी काम सोडून गेली.’ मी म्हटलं, ‘दादा, तू माझ्याशी बोलतोयस. मावशी काय?’ त्याने फोन ठेवला. मग मी त्याच्या इमारतीत गेले. तिथे दारावर एक समंध बसतो. जिवंतपणी त्या जागेवर त्याचाच बंगला होता. मेल्यावर जीव तिथेच अडकला आणि आता तो तिथेच पगारी पहारा करतो. त्याने मला वर सोडलं नाही, नोकरीचा प्रश्न होता. पण हळूच म्हणाला, ‘ताई, बंदोबस्तवाल्याची पांढरी गाडी आली होती. त्या गाडीला मी सलाम करत नाही. खिशात हात घालून उभा राहतो, उगाच माझ्याकडे बघायला नको.’

तिथून मी या ठाण्यात आले होते. तेव्हा टेबलावर जे हवालदार होते त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, हे मान्य करते. ते म्हणाले की, बेपत्ता म्हणून नोंद करायची तर माणूस जिवंत लागतो. खून म्हणायचं तर माणूस मरायच्या आधी जिवंत असावा लागतो. पळवून नेली म्हणावं तर मयताचं वय काय लिहायचं हा प्रश्न येतो. बराच विचार करून त्यांनी विचारलं, ‘अंगावर काही वस्तू होती का?’ मी बुटांबद्दल सांगितलं. त्यावर ते म्हणाले की, बूट हरवल्याची नोंद घेता येईल. बूट जिवंत नसले तरी चालतात. ते थट्टा करत नव्हते, मदत करत होते. मी नोंद न करता परत गेले.

वहिनीचा फोन आल्यावर मला बंदोबस्तवाल्याची जागा शोधायची होती. त्याचा पत्ता कुठेही लिहिलेला नसतो. मी नाक्यावरच्या चकव्याच्या टॅक्सीत बसले. तो म्हणाला, ‘ताई, तुम्ही शेजारच्या आहात म्हणून सांगतो, उतरा. मी तुम्हाला पोचवणार नाही, मला जमतच नाही.’ मी त्याला सांगितलं की, जिथे कुणी चुकूनही जात नाही तिथे जायचं आहे. त्याने गाडी सुरू केली. कुठेही न चुकता आम्ही पोचलो. तो उतरून गाडीला टेकून उभा राहिला. म्हणाला, ‘मी आत येणार नाही. पण इथून हलणारही नाही.’

टायरच्या दुकानावर वरच्या मजल्याला ती जागा आहे. लांब खोली, भिंतीला लाकडी फळ्या, फळ्यांवर बाटल्या. सरबताच्या, शाईच्या, तेलाच्या, मिळतील तशा. कशावरही चिठ्ठी नाही. मला वाटलं होतं की आवाज येत असतील. काही येत नव्हता. बंदोबस्तवाला सभ्य माणूस आहे, वयस्कर, अंगात स्वेटर. त्याने मला खुर्ची दिली. मी कोण ते सांगितल्यावर त्याने चष्मा काढून पुसला. त्याच्या काचांवर फार चरे पडले होते.

तो म्हणाला, ‘बाकीच्यांचा त्रास होतो हो. शिव्या देतात, ओरबाडतात, हाक ऐकूनही हटून बसतात. तुमच्या आईंचा काहीच त्रास नाही झाला. बाटलीच्या तोंडाशी आल्या, खाली बघितलं, सगळं समजलं त्यांना. तुमच्या भावाकडे बघून म्हणाल्या, “एवढ्यासाठी हाक मारलीस होय?” मग स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलेले बूट घेऊन आल्या, बाटलीशेजारी नीट जोडून ठेवले आणि आत गेल्या.’

मी विचारलं, ‘दादा काय म्हणाला?’

तो म्हणाला, ‘काही नाही. पाठ करून उभे होते.’

ते बूट फळीवर एका खोकल्याच्या औषधाच्या बाटलीशेजारी होते. मी बूट पिशवीत घातले आणि बाटली घेतली. त्याने अडवलं नाही. तुमच्या भावाने काम दिलं होतं, मी विचारायला हवं त्यांना, असं तो म्हणाला, पण उठला नाही. मी दारापर्यंत गेल्यावर म्हणाला की, उघडताना तुम्हीच हाक मारा, तुम्ही पोटच्या आहात. आणि जमलं तर रिकामी बाटली परत पाठवा, अलीकडे काचेच्या मिळत नाहीत.

मी बाटली तिथेच किंवा गाडीत उघडली नाही. हे मी मुद्दाम केलं. मला ती पोलिसांसमोर उघडायची होती, कारण नाहीतर बाटलीत कुणी नव्हतंच असं भाऊ म्हणाला असता. येईपर्यंत ती मी मांडीवर धरली होती. गार होती. टॅक्सीवाल्याने आरशात बघून विचारलं, ‘काकू आहेत ना आत?’ मी हो म्हटलं. त्यानंतर तो सबंध वाट तिच्याशी बोलत होता, बेकरीत काय चाललंय, कोण काय विचारत होतं, असं.

इथे आल्यावर मॅडमनी बाटली खोलीत उघडायला मनाई केली, म्हणून आवारात उघडली. दोन शिपाई साक्षीला होते. मी हाक मारली. आई बाहेर आली. तिच्या अंगाला औषधाचा वास होता आणि उजेडाने डोळे मिटत होते. माझ्या खांद्याला धरून उभी राहिली आणि पहिलं वाक्य बोलली ते असं: ‘मोकळी झाली का गं ती?’

मी म्हटलं, ‘झाली. मुलगी आहे. दोघी सुखरूप आहेत.’

आई खाली बसली, तिथेच जमिनीवर. आणि हसली.

मॅडमनी तिला पाणी दिलं, खुर्ची दिली आणि नीट विचारलं. बाटलीत कुणी घातलं? आई म्हणाली, ‘कुणी नाही, मी माझ्या पायांनी गेले.’ मॅडमनी विचारलं, कुणी फसवून बोलावलं का? आई म्हणाली, ‘मुलगा आहे माझा. हाक मारली, मी गेले. माझी कुणाविरुद्ध काही तक्रार नाही.’ मॅडम म्हणाल्या की, तशीही मयत व्यक्तीची तक्रार घेता येत नाही, पण विचारणं माझं काम आहे.

मग मॅडमनी भावाला फोन करून बोलावून घेतलं. तो दवाखान्यातून आला. आईला बघून आवारातच थांबला. मॅडमनी आईकडे हात करून विचारलं, ‘या तुमच्या कोण?’

भाऊ म्हणाला, ‘माझी आई मी पाच वर्षांचा असताना वारली. तसा दाखला आहे, हवा तर आणून देतो.’

मॅडम म्हणाल्या, ‘मी आईबद्दल नाही विचारलं. या कोण?’

 आईच बोलली. ‘खरं सांगतोय तो. त्याची आई वारली. चांगली होती हो. याचे फार लाड करायची.’

यावर मी भावाच्या तोंडात मारली.

त्याचा चष्मा पडला, गाल लाल झाला. आई माझ्यावर ओरडली, ‘कुणाला मारतेस? अक्कल आहे का?’ मी ३४ वर्षांची आहे, आजपर्यंत ती माझ्यावर अशी कधी ओरडली नव्हती. ती त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या गालावर हात ठेवला. त्याने तो काढला नाही. डोळे मिटून उभा राहिला. त्याची हनुवटी हलत होती. किती वेळ ते सांगता येणार नाही, कुणीच मोजत नव्हतं. शिपायांनी तोंडं फिरवली होती. मी त्या वेळी माफी मागितली असती. हे खरं आहे, म्हणून सांगते.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली आणि त्यातून वहिनीची आई उतरली. भावाने डोळे उघडले. म्हणाला, ‘पुरे, मावशी.’

आईने हात काढला.

त्यानंतर तो आत आला आणि माझ्याविरुद्ध तक्रार लिहून दिली. ती ताबडतोब घेतली गेली. थप्पड कलमात बसते, असं जमादारांनी मला समजावून सांगितलं. ते त्यांच्या जागी बरोबर आहेत.

माझं म्हणणं एवढंच आहे. आईला मी घरी घेऊन जात आहे. नातीला बघू द्यावं म्हणून तिने मॅडमना विचारायला सांगितलं होतं, लांबून, काचेतून चालेल म्हणाली होती. मॅडमनी भावाला विचारलं. तो सध्या नको म्हणाला. तेही लिहून घ्यावं.

जबाब जमादारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा आई शेजारच्या बाकावर बसून ऐकत होती. मध्ये तिने त्यांना थांबवलं आणि भावाने ‘आई’ अशी हाक मारली तेवढं वाक्य खोडायला सांगितलं. बाकी सगळं राहू दे, तेवढं नको, तिकडच्यांना कळेल, त्याला घरात खाली बघावं लागेल, असं म्हणाली. माझा हात धरून म्हणाली. जमादारांनी लेखणी थांबवून माझ्याकडे बघितलं.

मी खोडू नका म्हटलं. सर्व मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही, म्हणून खाली सही करते.